दिवसा पाणी, रात्री झोप

वैशाखातल्या एखाद्या रात्री बारा-एक वाजता गावाबाहेर पडून पाहावे. सारे गाव झोपलेले असते आणि शिवारात मात्र जागोजागी बॅटऱ्यांचे उजेड हलत असतात. शेतकऱ्याची पाणी भरण्याची पाळी रात्रीची असते. कृषिपंपाची थ्री फेज वीज आठवड्यात काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, हा नियम आपल्याकडे इतका अंगवळणी पडला आहे की, त्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटेनासे झाले. विंचू-साप, रानडुकरे, सातपुड्याच्या पायथ्याला आणि गिरणाकाठी तर बिबट्याची भीती. त्यात ओल्या हाताने स्टार्टरचे बटण दाबायचे. एवढे करून मध्येच एक फेज गेली किंवा डीपी जळाली, तर पुढचे आठ-पंधरा दिवस पाण्यावाचून.

साक्री तालुक्यातल्या एका शेतकरी बंधूच्या वावरात गेल्या दोन उन्हाळ्यांपासून पाच अश्वशक्तीचा सौर पंप चालतो. त्याला मी विचारले, काय फरक पडला? मला वाटले उत्पन्नाचा आकडा सांगेल. तो म्हणाला, "साहेब, आते दिवसले पानी भरस नि रातले झोपस. घरमा कटकट नही." माझ्या मते सौर पंपाचा पहिला फायदा तो हाच. बाकीचे हिशेब नंतर.

ते हिशेबही मांडले पाहिजेत, कारण आज गावोगाव दोन टोकाची मते ऐकू येतात. एक म्हणतो, सौर म्हणजे सगळ्या दुखण्यावर औषध. दुसरा म्हणतो, ते पॅनेल म्हणजे शोभेचे पत्रे, ढग आले की बसा. दोघेही अर्धेच बोलतात.

साक्रीच्या माळावरून

आपल्या खान्देशाला ऊन आणि वारा या दोन्ही गोष्टी देवाने सढळ हाताने दिल्या आहेत. भुसावळ, जळगावचे मे महिन्यातले तापमान दरवर्षी पेपरात पहिल्या पानावर येते. पण त्या उन्हाचे आपण केले काय, तर पापड-कुरडया वाळवल्या. वाऱ्याची तीच गत. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल, छडवेलच्या डोंगरावर २००० नंतरच्या दशकात सुझलॉनच्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि देशातल्या मोठ्या पवन प्रकल्पांत धुळे जिल्ह्याचे नाव आले. त्यानंतर मार्च २०१३ मध्ये साक्री तालुक्यातच शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प सुरू झाला. त्यासाठी जर्मनीच्या केएफडब्ल्यू या बँकेने कर्ज दिले होते. त्या काळी राज्यात एवढा मोठा सौर प्रकल्प दुसरा नव्हता. दुष्काळी तालुका म्हणून ज्याला नावे ठेवली, तो वीज पिकवण्यात पुढे गेला.

मात्र त्या पवनचक्कीच्या पायथ्याशी राहणारा माणूसही रात्रीच पाणी भरत होता. डोक्यावर चक्की फिरते आणि खाली वावरात अंधार, हे चित्र मी स्वतः पाहिले आहे. वीज तयार व्हायची ती तारांवरून दूर निघून जायची. गेल्या काही वर्षांत जो खरा बदल झाला तो हा की, सूर्याची वीज आता बांधापर्यंत आली.

याला कारण पॅनेलच्या किमती. २०१० नंतरच्या दहा वर्षांत जगाच्या बाजारात सौर पॅनेल जवळपास नव्वद टक्क्यांनी स्वस्त झाले. म्हणून केंद्राला २०१९ मध्ये कुसुम योजना आणता आली, आणि राज्याला २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ म्हणता आले. या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के भरायचे, बाकी केंद्र व राज्य मिळून. अडीच एकरापर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरापर्यंत ५ आणि त्यावर साडेसात अश्वशक्तीचा पंप. पाच वर्षे दुरुस्तीची हमी आणि विमा. आमच्या आदिवासी बांधवांसाठी तर ही योजना विशेष सोयीची, कारण डोंगरातल्या पाड्यावर खांब आणि तारा नेण्याचा खर्चच इतका होतो की, कोटेशन भरूनही वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे.

केळीला किती पाणी, पंप किती देतो

आता व्यवहाराचे बोलू. रावेर, यावल, चोपड्याच्या केळीवाल्यांनी हा भाग जरा लक्ष देऊन वाचावा.

पाच बाय पाच फुटांवर लागण केली तर एकरात साधारण १७४० झाडे बसतात. मे महिन्यात निसवलेल्या बागेत ठिबकने झाडाला दिवसाला २० लिटर धरले तरी एकराला ३५ हजार लिटर पाणी रोज लागते. पाच अश्वशक्तीच्या सौर पंपाला साधारण ४८०० वॉटचे पॅनेल असते. चांगले ऊन असताना तो ५० मीटर उंचीवरून दिवसाला ९० हजार लिटरच्या आसपास पाणी काढतो. म्हणजे अडीच एकर बाग आरामात भिजते. केळीला पाण्याची सर्वात जास्त गरज मे महिन्यात, आणि पॅनेलला सर्वात चांगले ऊन फेब्रुवारी ते मे. श्रावणात ढग असतात तेव्हा पंप कमी चालतो, पण तेव्हा बागेलाही ओढ नसते. हा मेळ निसर्गानेच घालून दिला आहे.

परंतु हाच पंप १०० मीटरवर टाकला तर? पाणी निम्म्याहूनही कमी, ४० हजार लिटरच्या जवळपास. म्हणजे एक एकर जेमतेम. इथेच पुष्कळांची फसगत होते. शेजाऱ्याचा पंप जोरात चालतो म्हणून आपण अर्ज करतो. त्याची विहीर ५० फूट, आपली बोअर ४०० फूट. मग दोष पॅनेलला.

वीज कोणतीही असो, सौर असो की दीपनगरची, हिशेब एकच. एक हजार लिटर पाणी १०० फूट वर आणायला, पंपाची झीज-तूट धरून साधारण पाव युनिटपर्यंत वीज लागते. ३०० फुटांवरून आणायला त्याच्या तिप्पट. रावेर, यावल तालुक्यांत भूजल किती खोल गेले हे मी नव्याने सांगायला नको. बापाच्या काळात जिथे मोटेने पाणी निघत होते तिथे आज बोअरमध्ये पाइपावर पाइप सोडावे लागतात. खाली जाणाऱ्या प्रत्येक फुटाबरोबर आपण जास्त कोळसा जाळतो. औष्णिक केंद्रात एका युनिटला साधारण पाऊण किलो कोळसा लागतो, हे लक्षात घेतले म्हणजे आपल्या बोअरचा आणि वाढत्या उष्णतेचा संबंध कळतो.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, ज्यांनी खान्देशात ठिबक रुजवले त्यांनी विजेचीही मोठी बचत केली. जळगावच्या जैन इरिगेशनने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ठिबक सुरू केले तेव्हा लोक त्या नळ्यांना हसत होते. पुढे ऊतिसंवर्धित रोपे आली, ठिबक आणि ग्रँड नैन यांची जोडी जमली आणि केळीचे गणितच बदलले. भवरलालजी जैन २०१६ मध्ये गेले. पाटाने पाणी सोडणारा बागायतदार जळगाव जिल्ह्यात आज शोधावा लागतो. पाणी निम्मे लागले की मोटार निम्मा वेळ चालते. ही बचत कोणत्याही वीजबिलावर छापून येत नाही.

तसेच शिरपूरचे. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४ पासून अमरीशभाई पटेल यांच्या पाठबळाने शिरपूर तालुक्यात नाले रुंद व खोल केले, ठिकठिकाणी सिमेंट बंधारे बांधले, पावसाचे पाणी विहिरींत जिरवले. या कामाला सगळे जलसंधारण म्हणतात आणि ते आहेच. पण विहिरीचे पाणी ५० फूट वर आले तर त्या विहिरीवरच्या मोटारीची वीज किती वाचली, हा हिशेब कोणी मांडत नाही. मांडायला हवा.

आणखी मागे जायचे तर पांझराकाठची फड पद्धत. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाच्या उतारावर फड. एका फडात सगळ्यांचे एक पीक, पाणी देणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या. तीन-चारशे वर्षे हे चालले आणि त्यात विजेचे एक युनिट लागले नाही. आजकाल शहरातली मंडळी ‘हरित’ वगैरे शब्द वापरतात. आमच्या साक्री-धुळ्याच्या म्हाताऱ्यांना ते आधी माहीत होते, फक्त नाव माहीत नव्हते.

"वीज फुकट आहे, मग सौर कशाला?"

गावातल्या बैठकीत हा प्रश्न हमखास येतो, आणि प्रश्न रास्त आहे. बळीराजा मोफत वीज योजनेत एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना बिल माफ आहे. योजना मार्च २०२९ पर्यंत जाहीर झालेली आहे. मग दहा टक्के भरून पॅनेल का घ्यावे?

माझे उत्तर असे. ज्याच्याकडे चालू कनेक्शन आहे, विहीर बारमाही आहे आणि दाब बरा मिळतो, त्याने घाई करू नये. तसेही जुने कनेक्शन असणाऱ्याला या योजनेत पंप मिळत नाही. त्याच्यासाठी दुसरा मार्ग आहे, तो पुढे सांगतो. पण ज्याच्याकडे कनेक्शनच नाही, जो डिझेल इंजिनावर पाणी काढतो किंवा शेजाऱ्याकडून पाणी विकत घेतो, त्याने थांबण्यात अर्थ नाही. डिझेलचे दर त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. बिल माफ झाले म्हणून रात्रपाळी माफ झाली नाही आणि डीपी जळायची थांबली नाही, हेही खरे.

दुसरा मार्ग म्हणजे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. २०१७ मध्ये राळेगणसिद्धीपासून तिची सुरुवात झाली, २०२३ मध्ये ती नव्या रूपात आली. यात शेतकऱ्याच्या वावरात काही बसवायचे नाही. गावाजवळच्या सबस्टेशनच्या आसपास काही मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज त्याच सबस्टेशनमधून शेतीच्या फीडरला दिवसा द्यायची. फीडरवरच्या सगळ्यांना दिवसा पाणी, जुनीच मोटार, जुनेच कनेक्शन. नव्या रूपातला पहिला प्रकल्प छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला २०२४ मध्ये सुरू झाला, ३ मेगावॉटचा. खासगी जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, दरवर्षी ३ टक्के वाढ. ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाखांप्रमाणे तीन वर्षे अनुदान. माझ्या दृष्टीने दोन्हींपैकी हा मार्ग मोठा आहे, कारण एक एक पंप वाटत बसण्यापेक्षा एका फटक्यात तीनशे-चारशे विहिरींची रात्रपाळी सुटते.

सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी मंडळींना इथे दोन शब्द सांगावेसे वाटतात. एका मेगावॉटला चार-पाच एकर जागा लागते आणि ती बहुतेक ठिकाणी गायरानातून द्यायचा विचार होतो. कागदावर गायरान ‘पडीक’ असते. प्रत्यक्षात त्यावर कोणाच्या तरी शेळ्या-मेंढ्या चरतात, कोणाचे तरी सरपण तिथून येते. ज्यांची जनावरे तिथे जातात ती माणसे ग्रामसभेत पुढच्या खुर्चीवर बसत नाहीत, बहुधा दाराशी उभी असतात. त्यांना विचारल्याशिवाय ठराव करू नये. गुरांची पाणवठ्याची वाट मोकळी ठेवणे, तारेचे कुंपण ओढ्यावर न आणणे, या गोष्टी आराखडा करतानाच सांगाव्यात. तीस वर्षांचा करार झाल्यावर सांगून उपयोग नाही.

हे मी उगाच सांगत नाही. आपल्या शिंदखेडा तालुक्यात दोंडाईच्याजवळ विखरण-मेथी शिवारात औष्णिक वीज प्रकल्पासाठी जमिनी घेतल्या गेल्या. मोबदल्यात कोणाला जास्त, कोणाला कमी, अशी तक्रार झाली. वर्षानुवर्षे खेटे घालून थकलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतले आणि त्यांचे निधन झाले. पुढे त्या ठिकाणी कोळशाऐवजी सौर प्रकल्पाचा विचार झाला. वीज कोळशाची असो वा सूर्याची, जमीन शेतकऱ्याचीच जाते. स्वच्छ विजेचा व्यवहारही स्वच्छ असला पाहिजे.

पंप घेतल्यावर

काही बारीकसारीक गोष्टी, ज्या माहितीपत्रकात बहुधा नसतात.

पॅनेलची जागा निवडताना डिसेंबरची सावली बघावी. मे महिन्यात ज्या निंबाची सावली पॅनेलपासून दूर असते, तीच हिवाळ्यात त्यावर येते. एका पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली पडली तरी सगळ्या रांगेची वीज घटते. धूळ आठवड्यातून एकदा सकाळी लवकर साध्या पाण्याने पुसावी; दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये. खाऱ्या बोअरचे पाणी वापरले तर काचेवर पांढरे डाग धरतात. मृगाच्या आधी वादळे येतात, तेव्हा सांगाड्याचे नटबोल्ट स्वतः तपासावेत. केळीच्या बागा आडव्या करणारा वारा पॅनेल सोडत नाही. नुकसान झाले तर फोटो काढून लगेच कळवावे, विम्याचा दावा त्यावरच उभा राहतो.

तक्रारीचे म्हणाल तर अनुभव सगळे गोड नाहीत. माझ्या माहितीतल्या एका पंपाचा कंट्रोलर ऐन एप्रिलमध्ये बंद पडला. पुरवठादाराचा माणूस आज येतो, उद्या येतो करत तेवीस दिवसांनी आला. तोपर्यंत कांद्याचे जे व्हायचे ते झाले. म्हणून पुरवठादार निवडताना, आणि ही निवड शेतकऱ्यालाच करायची असते, त्याचा दुरुस्तीचा माणूस तालुक्याला राहतो की पुण्याला, हे आधी विचारावे. दोन-तीन जुन्या ग्राहकांना भेटावे. अर्ज आणि पैसे महावितरणच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच भरावेत. ‘तुमचा पंप मंजूर झाला, आत्ता पैसे पाठवा’ असे फोन करणाऱ्या भामट्यांनी अनेकांना गंडा घातला आहे.

आणि सर्वात नाजूक गोष्ट. सौर पंपाला बिल नाही, वेळेचे बंधन नाही. ऊन आहे तोवर तो चालूच. आधीच खोल गेलेल्या भूजलाला हे परवडणारे नाही. केंद्राच्या नियमांत अतिउपसा झालेल्या भागात नवीन पंपावर मर्यादा आणि सूक्ष्म सिंचनाची अट आहे, ती त्रासदायक वाटली तरी योग्य आहे. पाणी भरून झाले की पंप बंद करावा, एवढी साधी सवय. यावल तालुक्यात एकाने मला विचारले, "फुकटचे ऊन आहे, मग बंद कशाला करू?" ऊन फुकट आहे, पाणी नाही, एवढेच मी त्याला म्हणालो. तो हसला. पटले की नाही, ते पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या बोअरची पातळी मोजल्यावर कळेल.

घरातली चूल, वावरातली पऱ्हाटी

पंपाच्या नादात घराकडे दुर्लक्ष नको. चार गुरे असलेल्या घराला दोन घनमीटरचा गोबरगॅस पुरतो. रोज ५० किलो शेण, तेवढेच पाणी. चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो आणि बाहेर पडणारी स्लरी केळीला, पपईला घालता येते. ऐंशीच्या दशकात बांधलेली पुष्कळ संयंत्रे आज बंद पडून त्यात पालापाचोळा साठला आहे, कारण गुरे विकली गेली. जिथे गुरे आहेत तिथे ती दुरुस्त करणे नव्या सिलिंडरपेक्षा स्वस्त पडते.

कपाशीच्या पऱ्हाट्यांचेही तसेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये जळगाव-धुळे रस्त्याने गेले तर दोन्ही बाजूंनी धूर. एकरी क्विंटलांनी असलेले सेंद्रिय द्रव्य आपण काडी लावून उडवतो आणि मग युरियाची गोणी वाढवतो. श्रेडरने बारीक करून कंपोस्ट केले तर जमिनीत कर्ब राहतो. बोंडअळीमुळे पऱ्हाटी वावरात उभी ठेवायची नाही हे खरे, पण त्यावर जाळणे हाच एक उपाय नाही.

हे सारे कितपत शक्य आहे, असा ज्यांना संशय येतो त्यांनी साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला एक चक्कर मारावी. नव्वदीच्या सुरुवातीला तो डोंगर उघडा पडला होता, बायांना पाण्यासाठी वणवण होती. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी कुऱ्हाडबंदी, चराईबंदी केली, चोरतोडीला दंड लावला आणि तो वसूलही केला. सुमारे ४५० हेक्टर जंगल उभे राहिले, विहिरींना पाणी आले. चैत्रामभाऊंना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. हवामान बदलावर जगात परिषदा होतात. २०२१ मध्ये ग्लासगोला भारताने २०७० पर्यंत कार्बनचे उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचे जाहीर केले. २०२५ मध्ये देशाच्या एकूण वीज स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा-तेलाव्यतिरिक्तची झाली. क्षमता निम्मी झाली, प्रत्यक्ष वीज अजून बरीचशी कोळशाचीच, हा फरक ध्यानात ठेवावा. तरीही दहा वर्षांपूर्वी कोणी हे सांगितले असते तर मी मानले नसते.

सौर पंपाचा अर्ज करणाऱ्यांनी सातबारा, आधार, बँक पासबुक आणि विहीर किंवा बोअरची सातबारावर नोंद एवढे आधी तयार ठेवावे. विहीर सामाईक असेल तर इतर हिस्सेदारांचे ना-हरकत पत्र लागते. निम्मे अर्ज तिथेच अडकतात. आणि अर्जावर खोली लिहिताना विहिरीची खोली लिहू नका. उन्हाळ्यात पाणी किती फुटांवर उभे राहते, ते दोरी सोडून मोजा आणि तो आकडा घेऊनच पुरवठादाराशी बोला.